साच्याचीं बिस्किटें

निवृत्त शाळामास्तरानें बिस्किटांविषयीं भाषण करावें याचें आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षीं जानेवारी महिन्यांत आमच्या वाशीच्या घरीं एक प्रसंग असा घडला कीं, हा विषय मला मुळापासून समजून घ्यावा लागला. माझी नात त्या वेळीं चौथ्या इयत्तेंत होती. वर्गाच्या अल्पोपाहारासाठीं ताऱ्यांच्या व पक्ष्यांच्या आकाराचीं, वर रंगीत साखरेची नक्षी काढलेलीं बिस्किटें नेण्याचें तिनें कबूल केलें होतें. पत्र्याचे साचे आणले होते. पीठ कसें भिजवावें एवढेंच तिनें मला विचारलें, आणि मीं मोठ्या आत्मविश्वासानें नानकटाईची कृति सांगितली. चाळीस बिस्किटें कापून विजेच्या भट्टींत गेलीं. पंधरा मिनिटांनीं पाहतों तों ताऱ्यांचीं टोकें नाहींशीं झालेलीं, पक्ष्यांच्या माना पोटांत गेलेल्या, आणि सर्वांवर भेगा पडलेल्या! खावयास उत्तम, परंतु तारा कोणता व पक्षी कोणता हें ओळखूं येईना. रात्रीचे नऊ वाजले होते. पोर रडली, व पुढें दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं.

चूक माझीच होती, आणि ती कोठें झाली हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. माझें बालपण पनवेलास गेलें. 1970 च्या सुमारास आमच्यासारख्यांच्या घरांत भट्टी नसे. दिवाळीपूर्वीं किंवा मे महिन्याच्या सुट्टींत आई रवा, मैदा, पिठीसाखर व तूप मोजून देई, आणि तें सामान घेऊन आम्ही भावंडें पावाच्या भट्टीवर जात असूं. भट्टीवाला तेथेंच पीठ मळून गोळे पत्र्यावर मांडी, व पाव निघाल्यावर निवत चाललेल्या भट्टींत ते पत्रे सारी. आपलें तूप आपल्याच नानकटाईंत पडतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एका मुलानें तेथें उभें राहावें, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. तें काम बहुधा माझ्याकडे येई. म्हणून नानकटाईचें मला सर्व कांहीं कळतें असा माझा समज होता.

नानकटाईंत तूप असतें, आणि तुपांत पाण्याचा अंश जवळजवळ नसतोच. त्यामुळें मैद्याला चिकटपणा येत नाहीं व पदार्थ खुसखुशीत होतो. त्यांत सोडा पडला म्हणजे गोळा फुगतो, पसरतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगा म्हणजे नानकटाई साधल्याची खूण. साच्याच्या बिस्किटाचें सर्व याच्या उलट आहे. त्यानें फुगूं नये, पसरूं नये, आणि त्याचा पृष्ठभाग पाटीसारखा सपाट राहावा, कारण पुढें त्यावर लिहावयाचें असतें. एका पदार्थाचा जो गुण तोच दुसऱ्याचा दोष ठरला.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, या बिस्किटांत सोडा अथवा बेकिंग पावडर घालूं नये. दुसरी, तुपाऐवजीं लोणी घ्यावें. बाजारच्या लोण्यांत शेंकडा सोळाच्या आसपास पाणी असतें, व तेवढ्यानें पीठ एकत्र धरून राहतें. परंतु खरी गोष्ट तिसरी आहे, ती म्हणजे थंडाव्याची. लोणी सुमारें 35 अंशांवर पूर्ण वितळतें. पीठ घट्ट होण्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. भट्टींत शिरतांनाच लोणी मऊ असेल तर पीठ सांवरण्यापूर्वींच तें वाहूं लागतें आणि आकार मोडतो. पीठ थंडगार असेल तर आंतील लोणी वितळेपर्यंत कडा सुकून उभ्या राहतात. युरोप-अमेरिकेंत हीं बिस्किटें नाताळांत करतात, तेव्हां तिकडे बहुतेक ठिकाणीं थंडीच असते. आमच्या खाडीकांठच्या स्वयंपाकघरांत जानेवारींतहि दुपारीं लोणी पातळ होतें. तेव्हां तो थंडावा शीतकपाटाकडून उसना घेतला पाहिजे.

आतां प्रमाण सांगतों. मैदा 250 ग्राम, लोणी 125 ग्राम, पिठीसाखर 100 ग्राम, वेलचीची पूड, आणि लागल्यास एक-दोन चमचे थंड दूध. लोणी खारें असेल तर मीठ नको. लोणी व साखर एकत्र करावीं, परंतु फार फेसूं नयेत. फेसल्यानें हवा भरते आणि बिस्किट फुगतें. मैदा मिसळून गोळा जमला कीं थांबावें. पोळीच्या कणकेसारखें मळण्याचा मोह आमच्या सूनबाईंना आवरत नसे, आणि बिस्किटें चिवट होत. पिठी लावून लाटण्यापेक्षां प्लास्टिकच्या दोन कागदांमध्यें गोळा ठेवून अर्धा सेंटिमीटर जाड लाटावा, व ती पोळी तशीच एक तास शीतकपाटांत ठेवावी. मग साच्यानें कापावें. कापलेलीं बिस्किटें पुन्हां पंधरा मिनिटें थंड करून, आधीं तापवून ठेवलेल्या भट्टींत 170 अंशांवर दहा-बारा मिनिटें भाजावीं. कडा किंचित् तांबूस दिसतांच बाहेर काढावीं. तेव्हां तीं मऊ लागतात, पण निवतांना कडक होतात. ज्यांच्याकडे भट्टी नाहीं त्यांनीं जाड कढईंत मीठ पसरून, वर तिवई ठेवून व झांकण लावून भाजावीं. मात्र बुडाकडे लक्ष असावें.

नक्षीसाठीं 200 ग्राम चाळलेल्या पिठीसाखरेंत लिंबाच्या रसाचे कांहीं थेंब घालून, चमच्या-चमच्यानें दूध मिसळावें. अंड्याच्या पांढऱ्या बलकानें ही साखर अधिक टणक वाळते. पण कच्चें अंडें मुलांना देणें मला पसंत नाहीं. मेंदीच्या कोनासारखा कागदाचा कोन करावा. रांगोळी काढणाऱ्यांस पुढील रीत चटकन् कळेल: आधीं घट्ट साखरेनें बाह्यरेषा ओढावी, ती वाळूं द्यावी, आणि मग आंत पातळ साखर सोडावी. पातळ म्हणजे किती? चमच्यानें वर पाडलेली धार दहा आंकडे मोजेपर्यंत मिसळून सपाट व्हावी, इतकी.

हें सर्व साधल्यावर आम्ही राखीपौर्णिमेस पुन्हां बिस्किटें केलीं, आणि पुन्हां फजिती झाली. आकार उत्तम, पण रंग एकमेकांत उतरले, व दुसऱ्या दिवशींहि साखर बोटाला चिकटत होती. साखर हवेंतील ओल शोषून घेते, आणि पावसाळ्यांत येथील हवा ओलीचिंब असते. हें तर मला ठाऊक असावयास हवें होतें! संक्रांतीचा हलवा आपल्या आजी-पणजी थंडींतच करीत. परातींत तिळांवर पाक थोडा थोडा टाकीत आणि मंद शेगडीवर वाळवीत बसत. कोरड्या हवेवांचून कांटा धरत नाहीं हें त्यांना पुस्तकावांचून माहीत होतें. पावसाळ्यांत नक्षी करावयाचीच असेल तर रंग कमी वापरावे, आणि बिस्किटें वातानुकूलित खोलींत पंख्याखालीं रात्रभर ठेवावीं. शीतकपाटांत मात्र ठेवूं नयेत. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें.

राहतां राहिला पक्षी. आमच्या नव्या मुंबईंत ठाण्याच्या खाडीवर व नेरुळच्या पाणथळींत दरवर्षीं रोहित पक्षी येतात, आणि नातीला हट्टानें तोच हवा होता. त्याचे पाय एवढे बारीक कीं, धड भाजेपर्यंत ते करपून तुटत. पहिले तीन घाण असे लंगडेच निघाले. शेवटीं तिनेंच युक्ति काढली. पायाखालीं पाण्याचा रुंद पट्टा ठेवून पक्षी व पाणी मिळून एकच तुकडा कापला, आणि पाय नुसते गुलाबी साखरेनें पाण्यावर रेखाटले. यंदाच्या जानेवारींत वर्गांत गेलेल्या डब्यांत असे बत्तीस पक्षी होते. मोडलेले पांच माझ्या वांट्यास आले.