ऊसवाहतुकीआधी पुढचा एक्सल तपासा

मंगळवेढ्यातल्या दामाजी कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी जुन्या ट्रकचा पुढचा एक्सल जॅकवर घ्यावाच. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ थांबला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन-बुश झिजलेले. आडवं धरून हललं तर टायरॉड एंड बघा. नवे बुश बसवल्यावर रीमर फिरवून माप जुळवावंच लागतं. ते टाळलं की स्टेअरिंग जड होतं, आणि भरल्या गाडीत ते जिवावर बेततं. पाटे बदलल्यास यू-बोल्ट थोडी गाडी चालवून पुन्हा आवळा. किंगपिनला ग्रीस चाक उचलूनच द्या. वजनाखाली ते नीट शिरत नाही. सगळं झाल्यावर टो-इन जुळवा.