जुन्या दातांत राहिलेली पिकांची नोंद: इनामगाव काय सांगते?

बैल घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो. आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला, यावरून वय ठरते. माणसाच्या दातांवरून वयाबरोबर आहार आणि लहानपणीची आबाळही कळते. हजारो वर्षांपूर्वीचे शेतकरी काय खात होते, हे शोधताना संशोधक म्हणूनच दातांकडे वळतात.

दात काय सांगतात?

- झीज: दगडी पाटा-जात्यावर दळलेल्या धान्यात दगडाचा बारीक कण येतो. त्याने दात झिजतात.
- कीड: पिठूळ व गोड आहार वाढला की कीड वाढते. शिकारीवर जगणाऱ्यांपेक्षा धान्य खाणाऱ्या समाजात ती सहसा जास्त आढळते.
- कीटण: दातांवर साचून कडक झालेल्या थरात पिष्टाचे कण अडकून राहतात. त्यावरून वनस्पती ओळखता येते.
- कार्बनचा प्रकार: ज्वारी, बाजरी, मका ही पिके हवेतील कार्बन एका पद्धतीने घेतात, गहू, जव, भात आणि कडधान्ये दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या गटात जड कार्बनचे प्रमाण जास्त असते व तो फरक खाणाऱ्याच्या दातांत उतरतो. कडब्यावर पोसलेल्या गाईच्या दुधातूनही तो येतो, त्यामुळे निष्कर्ष जपून काढावा लागतो.
- दंतवल्कावरील रेघा व खड्डे: दात तयार होत असताना मूल उपाशी राहिले किंवा मोठे आजारी पडले, तर वरचे कठीण आवरण नीट बनत नाही. हाड आयुष्यभर बदलत राहते, पण हे आवरण एकदा बनले की पुन्हा भरून निघत नाही.

इनामगावचा दाखला

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जव हे मुख्य पीक. सोबत गहू, मसूर, कुळीथ आणि गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांधही सापडला. इ.स.पू. 1000 च्या सुमारास पाऊसमान घटले, असे अनेक संशोधकांचे मत आहे. त्यानंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. जनावरे आणि शिकारीवरचा भार वाढला.

तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. मुलांना दोन मातीच्या रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरील खड्ड्यांचा अभ्यास केला. दुधाचे दात आईच्या पोटातच बनू लागतात. म्हणजे तो खड्डा बाळाइतकाच आईच्या ताटाबद्दलही बोलतो. मात्र कारण उपासमार होते की ताप-जुलाब, हे केवळ खड्ड्यावरून ठरत नाही.

बाभुळगावच्या शेतकऱ्यांनी यातून काय घ्यावे?

कपाशी आणि सोयाबीन ही बाजाराची पिके आहेत. त्यांनी पैसा येतो, पण ज्या वर्षी भाव पडतो किंवा पाऊस दगा देतो, त्या वर्षी घरच्या ताटातले आधी कमी होते ते वरण, दूध आणि भाजी. घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालील मूल असेल, तर ती कमतरता पुढच्या हंगामात भरून काढता येत नाही.

1. कपाशीत तुरीबरोबर मूग, उडीद किंवा बरबटीचे आंतरपीक घ्या. मूग-उडीद लवकर निघतात.
2. घरापुरती ज्वारी पेरा. भाकरी आणि कडबा, दोन्हींची सोय होते.
3. तूर विकण्याआधी वर्षभराची डाळ बाजूला काढा.
4. परसबागेत शेवगा, पालेभाज्या आणि वेलभाज्या लावा.
5. पाणी तपासा. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे. मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसले तर बोअरचे पाणी प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरा स्रोत नसेल तर कमाल मर्यादा 1.5. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही.

सहायक कृषी अधिकारी आणि अंगणवाडी सेविकांनी पेरणीपूर्वीच्या बैठका एकत्र घेतल्यास पीक नियोजनात घरचे ताटही धरले जाईल.