खुनी कोण, हे आधी कुणी ओळखलं?

१९९३ साली दूरदर्शनवर 'व्योमकेश बक्षी' ही रहस्यमालिका सुरू झाली, तेव्हा नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या आमच्या तिसगावात टीव्ही मोजक्याच घरी होते. अँटेना फिरवायला एक पोरगं छतावर, बाकी सगळे खाली सतरंजीवर. वीज टिकली तर खुनी सापडायचा.

शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथा बासू चॅटर्जींनी हिंदीत आणल्या होत्या. रजित कपूर यांचा व्योमकेश धोतर नेसायचा, मारामारीच्या वाटेला फारसा जायचा नाही. 'करमचंद' मालिकेतल्या गाजर खाणाऱ्या पंकज कपूरवर खूश असलेली मंडळी या संथपणाला कंटाळतील, असं वाटलं होतं. झालं उलटंच. 'सत्यान्वेषी' या कथेत मेस चालवणारे अनुकूलबाबू होमिओपॅथीचे डॉक्टर. मृदू बोलणारा, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणारा माणूस. तोच कोकेनच्या धंद्यामागे निघाला आणि सतरंजीवर कालवा उठला. "डॉक्टर कसा असंल?" म्हणणारे एकीकडे, "मी मघाशीच म्हणलो होतो" म्हणणारे दुसरीकडे. दोन्ही बाजूंचे लोक मागचे प्रसंग आठवून भांडत होते, कारण सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

गेल्या तीस वर्षांतली प्रेक्षकांची दाद आणि नाराजी मी याच मापाने मोजतो. वेश, काळ, शहर बदललं म्हणून लोक फारसे रुसत नाहीत. तपासात आपल्याला सोबत घेतलं नाही, की रुसतात.

बीबीसीचा 'शेरलॉक' २०१० साली आला. आमच्याकडे तो नगर-पुण्याच्या होस्टेलांवरून पेनड्राइव्हमधून पोचला. १८८७च्या मूळ कादंबरीतला शेरलॉकचा सोबती वॉटसन अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी होऊन परततो, नव्या मालिकेतलाही अफगाणिस्तानातूनच. हा धागा पोरांना फार आवडला. शेरलॉक झालेल्या बेनेडिक्ट कंबरबॅचच्या नजरेला दिसणारे पुरावे पडद्यावर अक्षरांत उमटायचे, म्हणजे पुन्हा आपण सोबत. जानेवारी २०१२मध्ये शेरलॉक छतावरून पडला आणि जगभर दोन वर्षं तर्क लढवले गेले. २०१४मध्ये त्या पडण्याची दोन-तीन स्पष्टीकरणं दाखवली, पण एकावरही ठाम बोट ठेवलं नाही. माझ्या मते गाडी तिथेच घसरली. २०१७च्या पर्वात शेरलॉकची लपवून ठेवलेली बहीण पुढे आली, तेव्हा अनेकांना तपास पाहतोय असं वाटलंच नाही. ती नाराजी मला रास्त वाटते.

त्याच वर्षी 'फास्टर फेणे' चित्रपट आला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा बन्या अमेय वाघच्या रूपात तरुण झाला. जुन्या वाचकांना सायकलवरचा बन्याच हवा होता, तरी त्याचं ते 'ट्टॉक' ऐकून त्यांचेही चेहरे खुलले.

मार्च २०२०च्या अखेरीस, टाळेबंदीत, दूरदर्शनने व्योमकेश पुन्हा दाखवला. मोबाइलवर वाढलेली पोरं आईबापांशेजारी बसून पैजा लावू लागली. २०२४च्या 'शेखर होम' मालिकेने शेरलॉक होम्सला नव्वदच्या दशकातल्या बंगालमध्ये नेलं. के. के. मेननच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यामुळे त्याला माणसांच्या तोंडाकडे पाहावं लागतं. ही निवड मला मनापासून पटली.

आता बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले धनंजय-छोटू असेच कुणीतरी उचलावेत. मुंबई आजची घ्या, हवी तर पन्नासची घ्या. फक्त पुरावा धनंजयला दिसेल तेव्हाच आम्हालाही दिसू द्या.