सोळा दिवसांचे पुस्तक

तारापूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून बोईसर स्थानकाच्या फलाटावर येणाऱ्या माणसांच्या पिशवीत एके काळी जेवणाच्या डब्याशेजारी आणखी एक वस्तू हमखास सापडे, आणि ती म्हणजे वाचनालयातून मुदतीवर आणलेले, कोपरे झिजलेले, जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेले रहस्यकथेचे पुस्तक. गाडी उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे अशी दक्षिणेकडे धावू लागली, की रात्रभराच्या शिणाने जड झालेले डोळेही त्या पुस्तकात असे गुंतत, की उतरण्याचे स्थानक आल्याची आठवण शेजाऱ्याला करून द्यावी लागे.

याच मार्गाने वैतरणेचा पूल ओलांडून विरारला उतरले आणि समुद्राच्या दिशेने गेले, म्हणजे अर्नाळा लागतो. वैतरणेच्या मुखाशी बेटावर उभा असलेला तेथील जलदुर्ग १७३७ च्या सुमारास मराठ्यांच्या ताब्यात आला, हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असते. परंतु या गावाचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले ते मात्र एका लेखकाच्या टोपणनावामुळे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे दप्तरी नाव. वाचकांच्या लेखी ते आजन्म बाबूराव अर्नाळकरच राहिले. अर्नाळा आता पालघर जिल्ह्यात मोडतो, त्यामुळे १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्याला त्या नावावर थोडा हक्क सांगण्यास हरकत नसावी.

गिनेसच्या विक्रमग्रंथात बाबूरावांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळातील १,०९२ रहस्यकथांची नोंद झाली. संख्या ऐकून माणूस थक्क होतो आणि पुढे जातो. म्हणून जरा हिशेब मांडून पाहावा. अठ्ठेचाळीस वर्षांत एक हजार ब्याण्णव, म्हणजे सरासरी सोळा दिवसांना एक पुस्तक, आणि तेही तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत, घरातील आजारपणे, लग्नकार्ये, महायुद्धाची महागाई आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन या सर्वांतून वाट काढीत. अगाथा ख्रिस्ती यांच्यासारख्या जगप्रसिद्ध लेखिकेच्या रहस्यकादंबऱ्या सहासष्ट आहेत. दोघांच्या पुस्तकांचे आकार निराळे, बाजारही निराळे, त्यामुळे येथे तुलना गुणांची नव्हे, श्रमांची आहे.

इतक्या वेगाने लिहिणाऱ्याला स्फूर्तीची वाट पाहत बसणे परवडत नाही; त्याला रचनेचे शास्त्रच हाताशी ठेवावे लागते. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू ही बाबूरावांची पात्रे वाचकाच्या इतकी परिचयाची झाली होती, की पहिल्या पानावर त्यांची ओळख करून देण्यात एक ओळही खर्ची घालावी लागत नसे, आणि कथा एकदम गुन्ह्याच्या जागेवरच उघडे. पंचनामा, मुद्देमाल, फरारी इसम, जबानी या कचेरीतल्या शब्दांना त्यांनी दिवाणखान्यात आणले. वाक्य लहान, संवाद भरपूर, आणि प्रकरण अशा ठिकाणी तोडलेले, की दिवा मालवायला उठलेला हात मागे यावा. पाश्चात्त्य कथांची छाया त्यांच्या लेखनावर होती, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या छायेत उभी असलेली मुंबई वाचकाला आपली वाटली, हे श्रेय लेखकाचेच.

आज नवे पुस्तक आले, की लेखकाला गावोगाव प्रकाशनसमारंभ करावे लागतात, मुलाखती द्याव्या लागतात. रहस्यकथेच्या त्या बहराच्या काळात पुस्तकाची जाहिरात बव्हंशी पुस्तकच करी. भडक रंगांचे मुखपृष्ठ स्थानकावरच्या विक्रेत्याकडे दोरीला टांगलेले असे, आणि शेवटच्या पानावर आगामी पुस्तकाचे नाव चौकटीत छापलेले असे.

परीक्षणांचा प्रश्न मात्र अधिक दुखरा आहे. प्रतिष्ठित मासिकांनी आणि समीक्षकांनी या साहित्यप्रकाराला फारसे दारात उभे केले नाही. प्रतिकूल परीक्षण निदान लेखकाशी बोलते; मौन बोलतच नाही. ज्याच्यामुळे सहस्रावधी माणसांना वाचनाची गोडी लागली, त्याच्या लेखनाचा साधा गुणदोषविचारही दशकानुदशके झाला नाही, हा मराठी समीक्षेवरचा ठपका आहे असे मी मानतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या सुहास शिरवळकरांचे निधन २००३ मध्ये झाले. पुढे दहा वर्षांनी त्यांच्या ‘दुनियादारी’ या कादंबरीवरचा चित्रपट गाजला, तेव्हा कुठे अनेकांना या लेखकाची नव्याने ओळख झाली. रहस्यकथांचीच बाराशेच्या घरात पुस्तके लिहिणारे गुरुनाथ नाईक २०२१ साली गेले, तेव्हाही वाचकच अधिक हळहळले.

वास्तविक परीक्षण झालेच नाही असेही नव्हे. ते निराळ्या जागी नोंदवले गेले. आमच्या भागातील एका वाचनालयात मी अशा एका पुस्तकाची प्रत हातात घेतली होती. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे तारखांचे शिक्के इतके दाटीने उमटले होते, की जागा संपल्यावर तिच्यावर दुसरी चिठ्ठी आणि दुसरीवर तिसरी डकवलेली. दहाव्या पानाच्या समासात कुणा अधीर वाचकाने खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले होते, आणि ग्रंथपालाने ते इतक्या निगुतीने खोडले होते, की कागद तेथे विरून आरपार उजेड दिसत होता. पुढच्या माणसाचा आनंद हिरावला जाऊ नये, एवढ्यासाठी घेतलेली ती तसदी मला कोणत्याही स्तुतिपर लेखापेक्षा मोलाची वाटते. त्याच कपाटातील थोरांचे ग्रंथ करकरीत होते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर दोन-चारच शिक्के.

बाबूराव १९९६ मध्ये निवर्तले. त्यांची पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली, आणि तो कागद आता पिवळा पडून बोटाच्या स्पर्शाने तुटतो आहे. आपल्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत झुंजारची किंवा काळापहाडची एखादी प्रत निघाली, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका. शेवटचे पान जागेवर आहे का तेवढे पाहा, आणि ती आपल्या तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या.