पेंग्विनांच्या आळीत अर्धा दिवस

पेंग्विन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा बर्फ उभा राहतो. ही सवय शाळेतल्या भूगोलाने लावलेली. वरच्या ध्रुवावर पांढरे अस्वल, खालच्या ध्रुवावर काळा कोट चढवलेला पेंग्विन, अशी त्याने कायमची वाटणी करून टाकली आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आले तेव्हा त्यांना काचेआड गारेगार खोली द्यावी लागली, आणि आपला समज अधिकच पक्का झाला. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला गेलेल्या मराठी प्रवाशाला भर उन्हात, करवंदीच्या जाळीची आठवण व्हावी अशा झुडपाखाली, तापलेल्या वाळूत पेंग्विन बसलेला दिसला की तो आधी पेंग्विनकडे पाहतो आणि मग आकाशातल्या सूर्याकडे!

हा चमत्कार पाहायला फार खटाटोप करावा लागत नाही. केप टाउनहून सकाळी अर्ध्या दिवसाच्या सहली सुटतात. दहा-बारा उतारूंची मोटार असते आणि ती हाकणारा गृहस्थच वाटाड्या असतो. चारपाच तासांत तो डोंगर, दोन बाजूंचे समुद्र आणि पेंग्विन एवढे सगळे दाखवून जेवणाच्या वेळेला आपल्याला बिऱ्हाडी आणून सोडतो. केप पॉइंटचे टोक मात्र या सहलीत येत नाही. तेवढ्यासाठी हळहळणारे उतारू दर मोटारीत निघतातच. दोन महासागर तिथे भेटतात असे त्यांनी ऐकलेले असते. भूगोलाच्या हिशेबाने ती भेट त्या टोकावर नव्हे, आग्नेयेला दीडशेएक किलोमीटरांवरच्या केप अगुल्हासला ठरवलेली आहे. तेव्हा हळहळण्यासारखे विशेष काही नाही.

शहर सोडले की डाव्या हाताला 'बारा प्रेषित' नावाची डोंगरांची रांग आणि उजव्या हाताला अटलांटिक. पाणी निळेभोर, पण पाय घातला तर कळ मस्तकात जाईल इतके थंड. हे पाणी लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची सगळी कथा त्याच्याशी बांधलेली आहे. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहतो. वारा वरचे पाणी दूर लोटतो, तेव्हा तळाचे खतावलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यावर तारली आणि मांदेलीच्या जातभाई मासळीचे थवे पोसतात, आणि त्या थव्यांवर पेंग्विन.

हाउट बे हे लाकडाच्या नावाचे बंदर मागे पडले की चॅपमन्स पीकचा रस्ता सुरू होतो. लांबी अवघी ९ किलोमीटर, वळणे मात्र ११४. १९१५ ते १९२२ या सात वर्षांत, बरेचसे काम कैद्यांकडून करवून घेऊन, हा रस्ता डोंगराच्या कडेला कोरला. त्यात इंजिनियरांची एक अक्कलहुशारी आहे. डोंगराचा पाया कठीण ग्रॅनाइटचा आणि वरचा भाग थरांच्या वालुकाश्माचा. या दोन खडकांच्या सांध्यावरच रस्ता बसवला आहे. बैठक ग्रॅनाइटची मिळाली आणि खोदाई मऊ दगडात झाली. त्याची किंमत मात्र वरून पडणाऱ्या दरडींच्या रूपाने द्यावी लागली. २००० साली रस्ता बंदच करावा लागला, आणि लोखंडी जाळ्या बांधून, एके ठिकाणी अर्धा बोगदा कोरून, २००३ च्या अखेरीस तो पुन्हा खुला झाला. आता त्यावर टोल आहे. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला या सगळ्याचे मर्म चटकन कळेल.

मोटार एका वळणावर थांबते. खाली उभा तुटलेला कडा, समोर नूर्डहूकची कित्येक किलोमीटर लांब पांढरी चौपाटी. फोटो निघतात. निसर्गशोभेचे वर्णन करून पाने भरण्याचा मोह मी आवरतो. ती शोभा कागदावर उतरत नाही आणि वाचकही ते परिच्छेद वगळूनच पुढे जातात.

यानंतर द्वीपकल्पाची चिंचोळी कंबर ओलांडून आपण पूर्वेच्या बाजूला येतो. हा फॉल्स बे, म्हणजे फसवा उपसागर. फसगत कोणाची? हिंदुस्थानाकडून परतणाऱ्या गलबतांची. पूर्वेकडून येताना एक भूशिर लागे, ते केपचेच टोक समजून खलाशी उत्तरेला वळत आणि या आखातात शिरत. मसाल्याने भरलेल्या किती तांडेलांनी इथे कपाळावर हात मारून घेतला असेल! येथील पेंग्विनांची पहिली लेखी नोंदही आपल्याच वाटेवरची आहे. १४९७ च्या अखेरीस वास्को द गामाचा काफिला मोसेल बे येथे थांबला होता. उडता न येणारे, बदकाएवढे आणि गाढवासारखे ओरडणारे पक्षी पाहिल्याचे त्या सफरीच्या रोजनिशीत लिहिले आहे. तोच काफिला पुढे १४९८ मध्ये कालिकतला लागला, आणि त्यामागोमाग काय झाले ते गोव्याला सांगायला नको.

सायमन्स टाउन हे आरमाराचे गाव. १९५७ पर्यंत येथे इंग्रजांचा नाविक तळ होता, आता दक्षिण आफ्रिकेचा आहे. गाव संपता संपता बोल्डर्सचा किनारा येतो. हत्ती पाण्यात डुंबायला बसावेत तसे ग्रॅनाइटचे गुळगुळीत प्रचंड गोटे, त्यांच्यामधल्या वाळूच्या लहान लहान खोल्या, आणि वरून नेलेली लाकडी फळ्यांची पायवाट. तिकीट काढून त्या वाटेवर पाऊल टाकायचे. आधी येतो वास. सुकट घातलेल्या वाडीतून गेलेल्याला त्यात नवे काही वाटणार नाही. मग येतो आवाज, आणि वास्को द गामाच्या माणसांचा कान किती चांगला होता हे पटते. गाढवच!

आणि मग ते दिसतात. उंची दोन-सव्वादोन फूट, वजन जेमतेम तीन किलो. पाठ काळी, पोट पांढरे, छातीवर नालाच्या आकाराचा काळा पट्टा आणि त्याखाली तीट लावावी तसे ठिपके. हे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. डोळ्यांवर गुलाबी कातडीचा तुकडा असतो. ऊन वाढले की तिथे रक्त धावते आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. चाल पाहावी तर साहेबाने बोलावल्यावर फायली काखोटीला मारून निघालेल्या हेडक्लार्कची. पण हाच प्राणी पाण्यात शिरला की क्षणात बाण होतो. संसारही पाहण्याजोगा आहे. दोन अंडी, चाळीसेक दिवस उबवणी, आणि नवराबायको पाळीपाळीने घरट्यात बसतात. एक समुद्रावर, एक घरात. शेजाऱ्याच्या घरट्यातली काडी त्याची पाठ फिरताच पळवण्याची कला दोघांनाही येते.

मौज अशी की हे गोकुळ फार पुरातन नाही. १९८० पूर्वी बोल्डर्सला आलेल्या माणसाला येथे पेंग्विन दिसलेच नसते. १९८२ च्या सुमाराला दोन जोड्या या वाळूवर राहायला आल्या, आणि दोनअडीच दशकांत वस्ती तीन हजारांच्या घरात गेली. गावकऱ्यांची त्रेधा उडाली. बागा उकरल्या जाऊ लागल्या, रात्री झोपा मोडू लागल्या. शेवटी कुंपणे घातली तेव्हा कुठे तह झाला. अजूनही मोटारी उभ्या करण्याच्या जागेत पाटी आहे, की गाडी सुरू करण्यापूर्वी वाकून खाली पाहा, पेंग्विन असेल!

आता या दोन जोड्यांना इथलाच पत्ता कोणी दिला? या आखातात मोठ्या जाळ्यांच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध आले आणि किनाऱ्याजवळ तारली-मांदेली वाढली, हे त्याचे मोठे कारण समजले जाते. जाळी हटली, मासळी आली. मासळी आली, पेंग्विन आले. फळ्यांवर उभे राहून ही गर्दी पाहणाऱ्या उतारूची समजूत होते की या पक्ष्याचे बरे चालले आहे. प्रत्यक्ष स्थिती अगदी उलट आहे.

१९५६ मध्ये या पक्ष्यांची पहिली पूर्ण मोजदाद झाली तेव्हा वीण घालणाऱ्या जोड्या दीड लाखाच्या आसपास भरल्या होत्या. २०२३ पर्यंत त्या दहा हजारांच्या खाली गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या जातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून केली. जगातल्या अठरा पेंग्विन जातींत या वर्गात गेलेली ही पहिली. असाच उतार राहिला तर २०३५ पर्यंत रानातला आफ्रिकी पेंग्विन संपेल असा इशारा शास्त्रज्ञांनी दिला आहे.

या घसरणीला सुरुवात माणसाच्या शेतीपासून झाली. बेटांवर हजारो वर्षांची पक्ष्यांची विष्ठा साचून तिचे जाड थर झाले होते आणि पेंग्विन त्यांत बिळे करून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात ते थर खरवडून खत म्हणून युरोपच्या शेतांवर गेले. बिचाऱ्याच्या घराची जमीनच बोटीत भरून नेली म्हणायची! उघड्यावर आलेली अंडी उन्हाने करपू लागली आणि समुद्रपक्षी ती पळवू लागले. उरलेली माणसाने उचलली. दरसाल लाखांनी अंडी बाजारात जात. हा प्रकार १९६७ मध्ये बंद झाला. बोल्डर्सच्या झुडपांत अर्धवट पुरलेली कृत्रिम घरटी दिसतात, ती त्या जुन्या लुटीची भरपाई आहे.

मग तेल. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचे जहाज केप टाउनजवळ, रॉबेन आणि डासेन या बेटांच्या मध्ये बुडाले. रॉबेन म्हणजे जिथे नेल्सन मंडेला अठरा वर्षे कैदेत होते तेच बेट. दोन्ही बेटांवर पेंग्विनांच्या मोठ्या वसाहती, आणि वेळ नेमकी विणीची. तेल लागले की पिसांतून पाणी आत शिरते, पक्षी गारठतो, आणि चोचीने अंग साफ करताना ते विष पोटात जाते. १९ हजारांवर पक्षी तेलाने माखले. १९६८ पासून हेच काम करणाऱ्या 'सॅनकॉब' या संस्थेने हाक दिली आणि हजारो माणसे धावून आली. एकेक पक्षी धरायचा, साबणाच्या पाण्यात घासायचा, डोळ्यांभोवती दात घासायच्या ब्रशाने हळूच पुसायचा. आणि तो मात्र उपकारकर्त्याच्या हाताचा लचका तोडणार. पेंग्विनची चोच म्हणजे कात्री आहे.

पण तेल न लागलेल्या आणखी १९ हजारांवर पक्ष्यांचे काय करायचे? तेव्हा एक अफलातून युक्ती निघाली. त्यांना ट्रकांत घालून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथ येथे नेले आणि समुद्रात सोडले. पोहत घरी पोहोचायला त्यांना जे दिवस लागतील, तेवढ्यात इथले तेल काढून टाकायचे! पीटर, पर्सी आणि पामेला अशी नावे दिलेल्या तिघांच्या पाठीवर यंत्रे बसवली होती. आठशे-नऊशे किलोमीटरांचा तो परतीचा प्रवास सारा देश रोजच्या रोज पाहत होता. तिघेही किनाऱ्याकिनाऱ्याने नेमके घरी आले. तेल लागलेल्यांतलेही बहुसंख्य जगले. इतके पक्षी माणसाने एका वेळी वाचवल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

एवढे करूनही संख्या उतरतच गेली. कारण तेल धुता येते, रिकामा समुद्र कसा धुणार? पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे एकदम टाकतो. नवी येईपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही. तो उपाशी किनाऱ्यावर उभा असतो. त्यासाठी आधी भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवावी लागते. समुद्र बदलला, तारली पूर्वेकडे सरकली, आणि पश्चिमेला उरलेल्या थोड्यांवर जाळी पडतच राहिली. डासेन आणि रॉबेनवर २००४ ते २०११ या काळात सुमारे ६२ हजार पेंग्विन उपासमारीने गेले असावेत असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

ही जाळी कोणती? आपल्या रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ज्या शब्दाने भांडणे पेटतात तीच: पर्ससीन. थव्याभोवती गोल फिरवून बटव्यासारखे तोंड आवळायचे. रापणकार जे गाऱ्हाणे घेऊन सरकारदारी गेले आणि ज्यावर महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तेच गाऱ्हाणे केपच्या पेंग्विनाचे आहे. फरक इतकाच की त्याला मोर्चा काढता येत नाही. त्याच्या वतीने 'सॅनकॉब' आणि 'बर्डलाइफ साउथ आफ्रिका' या संस्था सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. मच्छीमार धंद्याची बाजूही पोटाचीच होती. तारलीवर कारखाने आणि मजुरांची घरे चालतात. तरी मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हुकूम दिला, की सहा मुख्य वसाहतींभोवतालच्या ठरीव पाण्यात तारली-मांदेलीसाठी जाळी टाकायची नाही. बोल्डर्सला जे आधी घडले ते आता इतरत्र करून पाहायचे. त्याला फळ येते की नाही हे समजायला काही विणी जाव्या लागतील.

वाटाड्या घड्याळाकडे पाहतो. फळ्यांच्या वाटेवर अजून माणसे येतच असतात. खाली झुडपाशी एक पेंग्विन उभा आहे, अर्धी पिसे गळालेला, फाटक्या गादीसारखा. मुले त्याला हसतात. तो हलत नाही. त्याच्या उपासाचा कितवा दिवस आहे कोण जाणे. शेजारच्या घरट्यात एक अंड्यांवर बसलेला आहे. त्याचा जोडीदार पहाटेच समुद्रावर गेला आहे आणि दिवस कलल्याशिवाय परतणार नाही. त्याला मासळी मिळाली की नाही हे पाहायला संध्याकाळी इथे हवे, आणि आपली मोटार तर दुपारीच निघते.