ॲम्प मॉडेलर

ॲम्प मॉडेलर हे विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरचे वर्तन गणिती प्रक्रियेने हुबेहूब घडवणारे उपकरण किंवा सॉफ्टवेअर होय. हेवी मेटल संगीतातील खरखरीत, भरीव 'हाय-गेन' नाद अल्प आवाजातही मिळवण्यासाठी त्याचा विशेष उपयोग होतो.

पार्श्वभूमी
हाय-गेन नादाचे मूळ निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे. नलिकेला तिच्या क्षमतेहून प्रबळ संकेत दिला असता ध्वनिलहरींचे माथे कापले जातात व मूळ स्वरात नव्या उपस्वरांची भर पडते. असा ॲम्प्लिफायर पूर्ण खुलण्यासाठी आवाज बराच वाढवावा लागतो. भारतातील ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मुंबईतील सदनिका असो वा बुलढाणा जिल्ह्यातील एखादी वसाहत, तेथे असा सराव करणे अवघड ठरते. १९९८ मध्ये आलेल्या लाइन सिक्स कंपनीच्या 'पॉड' या उपकरणामुळे हेडफोनवर सराव आणि घरगुती ध्वनिमुद्रण सुलभ झाले. २००० साली स्थापन झालेला मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड मेटल संगीतासाठी ओळखला जातो.

कार्यपद्धती
मॉडेलरमध्ये दोन मुख्य टप्पे असतात. पहिल्यात ॲम्प्लिफायरची विकृती घडवली जाते. दुसऱ्यात स्पीकरची पेटी व तिच्यासमोरील मायक्रोफोन यांचा परिणाम दिला जातो. त्यासाठी प्रत्यक्ष पेटीवरून नोंदवलेला 'इम्पल्स रिस्पॉन्स' वापरतात. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी झपाट्याने कमी करतो. त्यामुळे हा टप्पा वगळल्यास नाद माशीच्या गुणगुणण्यासारखा कर्कश लागतो. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्याकडून कडेकडे सरकवला की नाद मवाळ होतो. म्हणून ॲम्प्लिफायर बदलण्याआधी इम्पल्स रिस्पॉन्स बदलून पाहणे बहुधा अधिक फलदायी ठरते.

नादाची जुळणी
गेन जितका अधिक तितका नाद भारदस्त, हा समज फसवा आहे. अति गेनमुळे आघातांची धार बोथट होते, स्वर एकमेकांत मिसळतात आणि पार्श्वभूमीचा सुस्कारा वाढतो. गेन माफक ठेवून एकच भाग दोनदा स्वतंत्रपणे वाजवावा व डाव्या-उजव्या बाजूंना मांडावा. त्याने अपेक्षित रुंदी व वजन लाभते.

विकृतीपूर्वी मंद्र ध्वनी थोडे कमी केल्यास तळहाताने दाबून वाजवलेल्या तारांचा आघात सुटसुटीत होतो. यासाठी ओव्हरड्राइव्ह पेडलचा ड्राइव्ह अल्प व लेव्हल अधिक ठेवण्याची रीत आहे. नॉइज गेट दोन आघातांमधील निःशब्दता राखतो. मात्र तो फार कडक लावल्यास लांबणारे स्वर मध्येच तुटतात.

मर्यादा
मानवी कानाला कमी आवाजात मंद्र व अतितार ध्वनी क्षीण भासतात. त्यामुळे घरी हेडफोनवर ते वाढवून व मध्यम ध्वनी घटवून सजवलेला नाद रंगमंचावर बास गिटार व ड्रम यांच्यात हरवतो. गिटारची ओळख प्रामुख्याने मध्यम ध्वनींत असते. म्हणून अंतिम जुळणी इतर वाद्यांसह व प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आवाजपातळीवर करणे आवश्यक असते.