कप वेगळा, खिडकी बंद

क्षयरोग कशामुळे होतो, असा प्रश्न परीक्षेत आला तर आपल्याकडचा कुठलाही पदवीचा विद्यार्थी ‘जिवाणू’ या पर्यायावर खूण करील. विज्ञान शाखेचा असेल तर रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला आणि म्हणून तो दिवस क्षयरोग दिन झाला, हेही सांगेल. तोच विद्यार्थी रूममेटला टीबी निघाल्याचं कळलं की त्याचा चहाचा कप वेगळा करतो, मेसच्या मावशींना त्याचं ताट बाजूला ठेवायला सांगतो, आणि रात्री डास येतात म्हणून खिडकी लावून त्याच खोलीत झोपतो. उत्तर पाठ आहे, पण त्या उत्तराचा आपल्या खोलीशी काय संबंध, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ताट, कप, टॉवेल, हात मिळवणं, एकाच डब्यात जेवणं, एकच संडास वापरणं, यांपैकी कशातूनही टीबी पसरत नाही. तो हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा बारीक थेंब बाहेर पडतात. जड थेंब खाली पडतात. सूक्ष्म थेंबांतलं पाणी उडून जातं आणि जंतू असलेले कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. उदबत्ती विझली तरी वास खोलीत भरून असतो, तसे हे कण रुग्ण उठून गेल्यावरही तिथे असतात. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर, थेट वायुकोशांपर्यंत पोचले तर लागण होते. म्हणून बसमध्ये शेजारी कुणी दोनदा खोकलं तर घाबरून जायचं कारण नाही. धोका आहे तो एकाच बंद जागेत रोज तासन्‌तास एकत्र राहण्यात.

आता पुण्यातल्या सदाशिव पेठेतली किंवा नवी पेठेतली ‘कॉट बेसिस’वरची एखादी खोली बघा. दहा बाय बाराच्या जागेत तीन-चार खाटा, एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. दिवस जातो अभ्यासिकेत, जिथे खुर्च्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ आणि एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. टीबीच्या दृष्टीने उघड्या समोरासमोरच्या दोन खिडक्या त्या एसीपेक्षा कितीतरी मोलाच्या. ऊनही उपयोगी, कारण त्यातले अतिनील किरण या जंतूला मारतात.

‘हा झोपडपट्टीतला रोग, शिकलेल्यांना होत नाही,’ हा समज वसतिगृहांत सर्रास ऐकू येतो. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. जंतू सापडला होता, पण त्याच्यावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1940चं दशक उजाडावं लागलं. आपल्या काळात अमिताभ बच्चन यांनी 2000 साली आपल्याला मणक्याचा टीबी झाल्याचं पुढे उघडपणे सांगितलं. हा रोग पदवी विचारत नाही आणि बँकेतली शिल्लकही विचारत नाही.

गरिबीशी त्याचा संबंध आहे, तो कोंदट घरं आणि कुपोषण यांतून. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना अधिकचा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झालं. हे वाचताना मला गावाकडून आलेली, एकच डबा दोन वेळा पुरवणारी आणि तिसऱ्या वेळी वडापाववर भागवणारी मुलं दिसतात. वजन घटलं तर ती ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणतात.

टीबी आनुवंशिक नाही. एका घरात दोघा-तिघांना होतो, कारण सगळे एकच हवा घेतात. सिगारेटने टीबी होत नाही. पण ती ओढणाऱ्याला टीबी होण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो. मधुमेह आणि एचआयव्हीनेही धोका वाढतो. आणि लहानपणी टोचलेली बीसीजी? ती लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठेपणी फुफ्फुसाच्या टीबीपासून तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपुटला 1968 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत हे दिसून आलं.

लागण आणि आजार यांतला फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्याकडे 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांना या जंतूची लागण झालेली आहे. शरीर जंतूला कोंडून ठेवतं. माणूस धडधाकट असतो, त्याच्यापासून कुणाला काही होत नाही. अशा लोकांपैकी आयुष्यभरात 5 ते 10 टक्क्यांनाच आजार होतो. म्हणून हातावरची मांटू चाचणी फुगली म्हणजे टीबी झाला, असं नव्हे. रक्तातली प्रतिपिंडं बघून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली, कारण त्यांचे निकाल बेभरवशाचे होते.

निदान होतं ते बेडक्याच्या तपासणीवर. इथे एक साधी चूक फार होते. डबी हातात दिली की मुलं लाजेने पटकन थुंकतात आणि प्रयोगशाळेत नुसती लाळ जाते. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या जागेत जायचं, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. जनुकीय चाचणी काही तासांत निकाल देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही सांगते. अशा चाचणीचं ‘ट्रूनॅट’ हे छोटं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे.

खरी अडचण तपासणीला जाण्यातच आहे. त्याच सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी जवळजवळ 64 टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. विद्यार्थी तर दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. मेडिकलमधून खोकल्याची बाटली, मग कुणीतरी सुचवलेली अँटिबायोटिकची पाकिटं, मग ‘परीक्षा झाल्यावर बघू’. काही अँटिबायोटिकांनी टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घामाने भिजणं, वजन उतरणं, यांतलं काहीही असलं तरी तपासून घ्यावं. आणि रक्त पडेपर्यंत थांबू नये, अनेक रुग्णांना ते कधीच पडत नाही. सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 43 टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. लक्षणांवर विसंबलं असतं तर ते निसटले असते. शिवाय टीबी मानेच्या गाठींत, मणक्यात, पोटात, गर्भाशयाच्या नळ्यांतही होतो. तिथे खोकला नसतो, आणि फुफ्फुस निरोगी असेल तर तो दुसऱ्याला लागतही नाही. मानेला गाठ आली म्हणून एखाद्या मुलीला खोलीबाहेर काढणं हा शुद्ध अन्याय आहे.

उपचार साधारण सहा महिने चालतात: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. इतके दिवस का? पोट बिघडवणारा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला सुमारे 20 तास लागतात. त्यात काही जंतू निपचित पडून असतात आणि औषधांना सहज बळी पडत नाहीत. महिन्याभरात भूक लागते, ताप जातो, आणि बरेच जण तिथेच गोळ्या थांबवतात. उरलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होतात. असा प्रतिरोधी टीबी कधीही गोळी न चुकवलेल्या माणसालाही दुसऱ्याकडून थेट लागू शकतो, म्हणून तो झालेल्याला बेफिकीर ठरवू नये. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याने घाबरू नये. डोळे पिवळे झाले किंवा सतत उलट्या झाल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘त्याला घरी पाठवा’ हा वसतिगृहांचा ठरलेला तोडगा. 1956 पासून मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही दाटीवाटीच्या घरांतच ठेवून औषधं दिली. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही झाली नाही. लागण बहुतेक निदानाआधीच झालेली असते. योग्य औषधं सुरू झाल्यावर दुसऱ्याला धोका झपाट्याने, सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत, बराच कमी होतो. तोवर रुग्णाने मास्क लावावा, शक्य असेल तर वेगळ्या हवेशीर खोलीत झोपावं. नंतर तो वर्गात बसू शकतो, परीक्षा देऊ शकतो. हजेरीत सवलत आणि खोलीची हमी देणं महाविद्यालयांच्या हातात आहे, आणि ती त्यांनी लेखी द्यावी.

सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. चौकशीसाठी 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे. आजार खासगी डॉक्टरकडे निघाला तरी त्याची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे. त्यानंतर जवळच्यांची तपासणी व्हायला हवी. त्यांना आजार नसेल तर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देऊ शकतात: सहा महिने रोज एक औषध, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा दोन. पण खोली जाईल या भीतीने विद्यार्थी गावचा पत्ता देतो आणि आरोग्य कर्मचारी गावी जाऊन आईवडिलांना तपासतात. त्याच्यासोबत वर्षभर एका खोलीत झोपलेले तिघं त्या यादीत येतच नाहीत.